डाव्या गालावरची चूल

"वहिनी, हात काढा आता," वासूकाका म्हणाला, आणि आईने दुसराही हात अप्पांच्या तोंडावर ठेवला.

अप्पांना पहाटे पाचला कावीळ घेऊन गेली होती. आता अकरा वाजत आले होते. अंगणात तिरडी बांधून तयार होती, मडक्यातले गोवऱ्यांचे निखारे धुमसत होते आणि गावातली पन्नासेक माणसं आंब्याखाली उभी राहून खाडीकडे बघत होती. आमच्या गावाचं मसण खाडीच्या पलीकडे, तिथे बांधावरून जावं लागतं आणि भरती आली की बांध बुडतो. मेलेल्या माणसाला घाई नसते, पण आमच्या खाडीला असते.

"वहिनी, ऐका माझं. एकच्या सुमाराला बांधाला पाणी लागेल. मग काय दादाला होडीत घालून न्यायचा?"

"न्या होडीतून. माझं अजून झालं नाही."

"काय झालं नाही?"

"बघून," आई म्हणाली.

काका माझ्याकडे बघायला लागला. आई आंधळी. चार वर्षांची असताना डोळे आले, कुणा शहाण्याने कसल्या पाल्याचा रस घातला, आणि आलेल्या डोळ्यांबरोबर होते तेही गेले. अप्पांच्या तोंडावर देवीचे वण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटभर जागा सपाट म्हणून नव्हती. "मला बघून हो म्हणणारी एकच निघाली, कारण तिने बघितलंच नव्हतं," असं ते चारचौघांत सांगायचे. आई आतून ओरडायची, "बघितलं नाही कसं? लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी बघितलं." मग अप्पा लाजायचे. पेणच्या बाजारात आपल्या गणपतीच्या मूर्तींच्या दरावरून व्यापाऱ्याशी भांडणारा माझा बाप या एका वाक्याला लाजायचा.

ते वण हेच अप्पांचं आयुष्यभराचं दुखणं. त्यांनी कधी फोटो काढून घेतला नाही. माझ्या मुंजीच्या फोटोत ते मंडपाच्या खांबामागे आहेत, नुसतं कोपर दिसतं. आणि याच माणसाच्या कारखान्यातल्या गणपतीसारखा गुळगुळीत गाल सबंध तालुक्यात कुणाच्या मूर्तीला नसे. "गालावर बोट ठेवलं की घसरलं पाहिजे," हे त्यांचं आम्हा सगळ्यांना सांगणं. मी सहा वर्षांचा असल्यापासून पॉलिश पेपर घेऊन गाल घासत आलो. अक्षरं गिरवायच्या आधी मी गाल गिरवले.

मी आईजवळ बसलो. तिची बोटं अप्पांच्या गालांवरून, नाकाच्या बाजूने, भुवयांतून फिरत होती. रडत नव्हती ती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"आई, उठ ना."

"भालू, तुम्ही डोळे मिटलेत तरी ते तुम्हाला दिसतात. दिसतात ना?"

"दिसतात."

"मला हात काढला की काही दिसत नाही. आत्तापर्यंत रात्री हात लांब केला की होते. उद्या हात कुठे लांब करू? मी विसरेन रे. महिन्याभरात विसरून जाईन मी ह्यांना."

तिचा आवाज चिरकला. त्या वेळी माझ्या तोंडून जे गेलं ते विचार करून गेलं असतं तर कदाचित गेलंच नसतं.

"मी चेहरा ठेवतो त्यांचा," मी म्हणालो. "प्लास्टरमध्ये. हुबेहूब."

तेव्हा मी मुंबईच्या एका कलाशाळेत साचेकाम करायचो. नोकरीला दोन वर्षं झाली होती. तिथे एका लांबलचक खोलीत फळ्यांवर जुन्या मूर्तींच्या प्लास्टरच्या नकला मांडलेल्या होत्या, साहेबाच्या काळात बोटीने आलेल्या. मुलं त्यांच्यासमोर बसून कोळशाने चित्रं काढत. जिना उतरताना कुणी मुंडकं फोडलं की नवं काढायचं काम माझं. त्यात एक म्हातारा होता, रोमचा. टक्कल, गालफडं बसलेली, मानेवर कातडीच्या घड्या, नाकाशेजारी हरभऱ्याएवढी चामखीळ. मुलं त्याला आजोबा म्हणत.

नोकरीतला माझा पहिला साचा या आजोबांचा. नक्कल बाहेर काढली आणि अप्पांनी शिकवलं होतं तसं तिचं फिनिशिंग केलं. सुरकुत्या लांबी भरून बुजवल्या, चामखीळ तासली, पॉलिश पेपर मारला आणि मोठ्या अभिमानाने तळाशीलकर सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. शिल्पाचा वर्ग त्यांच्याकडे होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा कोण?"

"आजोबा, सर."

"आजोबा कुठे राहिले यात? तू ह्याचा गणपती केलास." मग ते इतके चिडले की शिपाई दारात येऊन उभा राहिला. "अरे, देव गुळगुळीत असतात. ग्रीकांनी देव केले, ते गुळगुळीत केले. हा देव नाही, हा माणूस आहे. रोमनांना आपला म्हातारा होता तसा हवा असायचा, चामखीळ आणि बसलेल्या गालांसकट. बाप मेला की त्याच्या चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा घरातल्या पुढच्या दालनात कपाटात ठेवायचे. मोठ्या घरची रीत होती ती. पुढे घरात कुणी गेलं की ते मुखवटे चढवून माणसं प्रेतापुढे चालायची. म्हणजे सगळे वाडवडील पोचवायला हजर."

"आमच्याकडे कावळा येतो," मी म्हणालो.

सर हसले नाहीत. "चामखीळ काढलीस म्हणजे माणूस काढलास. पुन्हा कर." मी पुन्हा केला. नंतरच्या दोन वर्षांत आजोबांचे सात-आठ साचे काढले असतील, आणि दर वेळी चामखिळीला हात लावला नाही. मला वाटलं, मी शिकलो.

तेच सगळं त्या दिवशी घाईघाईने आईला सांगितलं. "आमच्या शाळेत एक म्हातारा आहे आई, दोन हजार वर्षं झाली त्याला मरून. अजून त्याच्या नाकाशेजारची चामखीळ हाताला लागते."

"हाताला लागते?"

"लागते."

आईने अप्पांच्या तोंडावरचे हात काढले आणि मांडीत ठेवले. "कर मग," ती म्हणाली.

वासूकाका भडकला. प्रेताला आंघोळ घातलेली, त्याच्या तोंडाला चुना फासणार का, लोक काय म्हणतील, आणि भरतीचं काय? "अर्धा तास," मी म्हणालो. "काका, पाया पडतो तुझ्या. तिच्याकडे बघ." काकाने बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरलेला होता. त्याने बाहेर जाऊन लोकांना काहीतरी सांगितलं आणि ओटीचं दार लावून घेतलं.

मागच्या कारखान्यातून मी प्लास्टरची अर्धी गोणी आणि दोन घमेली आणली. अप्पांच्या तोंडाला खोबरेल लावलं. मिशीला आणि भुवयांना साबण चोपडला, नाहीतर केस प्लास्टरबरोबर उपटून येतात. पहिल्या घमेल्यात कपड्याची नीळ कालवली. साचा निळा असला की पुढे तो फोडताना कळतं, निळं दिसलं की हात जपायचा, आत माणूस आहे. असा साचा एकदाच वापरता येतो. त्यातून एक नक्कल काढायची ती साचा फोडूनच. दुसरी नाही.

मी तेल लावलं तेही दोन बोटांच्या टोकांनी, चोरट्यासारखं. बापाच्या तोंडाला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही. पाया पडायचं. गालाला त्यांनी हात लावायचा, आपण नाही.

निळा थर बसला, वर पांढरा जाड थर दिला. अप्पांचं तोंड त्याखाली गेलं. आई चाचपडत पुढे सरकली आणि तिने हात ठेवला, खालच्या बाजूला, हनुवटीपाशी. मी घमेलं धूत होतो.

"भालू!"

ती किंकाळी अंगणात गेली असणार, कारण दार धाडकन उघडलं.

"गरम आहेत रे! भालू, तोंड गरम झालं ह्यांचं! वासूभावोजी, धावा! जिवंत आहेत हे! काढा ते, काढा, गुदमरतील!"

काका गुडघ्यांवर आपटला आणि "दादा, दादा" करत साच्याला नखं घालू लागला. मागची माणसं दारात गर्दी करून उभी राहिली, कुणीतरी वैद्याला आणायला पळालंसुद्धा. मी काकाचे हात धरले. हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"प्लास्टर आहे," मी म्हणालो. "काका, प्लास्टर. जमताना ते तापतं. आई, प्लास्टर तापतं गं."

काका तसाच बसून राहिला. आईचा हात हनुवटीपाशीच होता.

"प्लास्टर?"

"हो."

हात न काढता ती हळूच म्हणाली, "मग लगेच काढू नको. थोडा वेळ राहू दे."

राहू दिलं. बाहेर खाडीचं पाणी चढत होतं, आणि पन्नास माणसं एका आंधळ्या बाईचा हात गार होण्याची वाट बघत उभी होती. साचा मग अलगद सुटला, एकही केस न तुटता. अप्पांचं तोंड पुसून आम्ही त्यांना उचललं. परतताना बांधावर घोटाभर पाणी होतं.

त्या संध्याकाळपासून आईने अन्नाला तोंड लावलं नाही. घोटभर चहा घ्यायची. "चेहरा आणून दे, मग जेवते," एवढंच. मी दुसऱ्या दिवशी साच्याला आतून साबणाचं पाणी लावून प्लास्टर ओतलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बोथट पटाशी घेऊन फोडायला बसलो. पांढऱ्या कपच्या उडाल्या. मग निळं दिसलं. हात जपून चालवला. दुपारपर्यंत निळ्यातून अप्पा बाहेर आले.

झोपलेले अप्पा. मिशीचा एक कोपरा नेहमीसारखा वर.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

घाईत कालवलेल्या प्लास्टरमध्ये हवा राहते. त्या हवेचे बुडबुडे निघतात आणि नकलेवर खड्डे पडतात, मुगाएवढे, मोहरीएवढे. अप्पांच्या चेहऱ्यावर खड्डेच खड्डे होते. त्यातले देवीचे कुठले आणि हवेचे कुठले? मी खिडकीपाशी नेऊन बघितलं, तिरप्या उजेडात बघितलं. कळेना. सव्वीस वर्षं मी त्या तोंडासमोर वाढलो, मार खाल्ला, जेवलो, पण ते तोंड मी लांबूनच बघितलं होतं. त्यावर वण आहेत एवढं माहीत होतं. कुठे किती आहेत ते माहीत नव्हतं.

कपाळावरचा एक खड्डा नक्की हवेचा, कडा धारदार होती. तो बुजवला. त्याच्या शेजारचाही तसाच वाटला. वासूकाका दारात येऊन टेकला.

"हुबेहूब दादाच दिसतो रे," तो म्हणाला. मग डोळे पुसून म्हणाला, "भाल्या, तेराव्याला सगळा तालुका येईल. जन्मभर तोंड लपवलं त्याने. आता तरी भोकं भोकं ठेवू नको. त्याच्याच हाताखाली शिकलास ना?"

काकावर ढकलायला हे वाक्य मला पुष्कळ वर्षं उपयोगी पडलं. पण काका बोलून निघून गेला, आणि पॉलिश पेपर माझ्या हातात होता. तीन रात्री झोप नव्हती. हाताला सवय होती. बुजवायचं, वाळू द्यायचं, घासायचं, बोट फिरवायचं. वाटत होतं, बापाची शेवटची सेवा करतोय. खांबामागे उभं राहणाऱ्या माणसाला एकदा तरी उजेडात बसवतोय. अक्षरशः गुणगुणत होतो मी, आठवतं मला. संध्याकाळी गालावर बोट ठेवलं आणि ते घसरलं.

मधला एक दिवस वाळू दिला आणि पाचव्या दिवशी सकाळी मी तो चेहरा आईच्या मांडीवर ठेवला. चुलतीने भाताचं ताट वाढून शेजारी ठेवलं होतं. आईने आधी पदराने हात पुसले. मग दोन्ही तळवे ठेवले.

तिचं तोंड मी बघत होतो. आधी मिशी सापडली, तेव्हा ती किंचित हसली. मग बोटं गालांवर गेली. तिथून कपाळावर. पुन्हा गालांवर. मग भराभरा, काहीतरी हरवल्यासारखी.

"भालू, हा कोण?"

"आई, अप्पा आहेत."

"चूल कुठे आहे?"

"कसली चूल?"

"डाव्या गालावर. डोळ्याच्या खाली. तीन खड्डे, चुलीच्या दगडांसारखे. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा म्हटलं, अगोबाई, इथे चूल मांडली आहे की. तेव्हापासून आमची चूल." ती माझ्याकडे तोंड करून थांबली. "तुला माहीत नाही चूल?"

मला माहीत नव्हती.

"घासलंस?" तिने विचारलं.

तिने तो चेहरा मांडीवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला, अगदी हळू, परक्याची वस्तू ठेवावी तसा. "छान आहे," ती म्हणाली. "गणपती छान करतोस तू. पण हा माझा कुणी नाही. आणि ते ताट घेऊन जा."

मी कारखान्यात पळालो. पहिल्यांदा मनात आलं, कोरणीने तीन खड्डे पाडावेत. कोरणी टेकवलीसुद्धा, आणि लाज वाटून फेकली. त्या बोटांना मी फसवणार होतो? मग आठवलं. साचा! फोडलेल्या साच्याच्या कपच्या. निळ्या बाजूला अप्पांचं कातडं उलटं उमटलेलं होतं. जो खड्डा, तो तिथे उंचवटा. कोपऱ्यात बघितलं, कोपरा झाडून लख्ख.

"काका, इथला प्लास्टरचा कचरा?"

"टाकला. तेराव्याला माणसं यायची, म्हणून सगळं आवरलं. बांधावर खड्डा पडलाय ना, त्या दिवशी त्यातच सगळ्यांचे पाय गेले, तिथे नेऊन ओतला काल."

काल. म्हणजे मधे दोन भरत्या येऊन गेल्या होत्या.

मी धावत गेलो. ओहोटी संपून पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. बांधाच्या मधोमध तो खड्डा चिखलाने भरलेला, वरून कालपासून गुरं आणि माणसं गेलेली. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. पांढऱ्या कपच्या आल्या, फेकल्या. निळी आली, कान निघाला. निळी आली, तिच्यावर नुसत्या भुवईच्या रेघा. एक हातात येता येता चुरली, भिजून तिचं दही झालं होतं. मी मोठ्याने रडत होतो आणि देवाला नव्हे, देवीला शिव्या देत होतो, की तेव्हा एवढे दिलेस आणि आता तीन देत नाहीस. काका मागून आला, काही न विचारता धोतर खोचून चिखलात बसला आणि उकरू लागला. पाणी खड्ड्याच्या तोंडाशी आलं.

"हा बघ काय आहे," काका म्हणाला.

तीन बोटं रुंद निळा तुकडा. मी तो खाडीच्या पाण्यात बुडवून धुतला आणि अंगठा फिरवला. तीन उंचवटे होते, दोन शेजारी, एक खाली. बापाच्या गालावर मी पहिल्यांदा हात ठेवला तो असा, उलट्या बाजूने आणि चिखलात.

घरी येईपर्यंत तुकडा कडांनी सुटायला लागला होता. शाडूचा गोळा मळला, चांगला मऊ, आणि त्यावर तो दाबला. उचलला तेव्हा निळा थर मातीलाच चिकटून आला, तुकड्याचे चार भाग झाले. ओल्या फडक्याने मी ती नीळ टिपून काढली. खाली शाडूत तीन खड्डे होते. तेवढंच, त्यापलीकडे अप्पांचं काही उरलं नव्हतं.

ओला तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. तिने अनामिका फिरवली, एक, दोन, तीन.

"आले," ती म्हणाली. "हे आले."

आणि मग पाच दिवसांचं सगळं रडली. संध्याकाळी चार घास जेवली.

तो तुकडा तिने कुंकवाच्या करंड्यात ठेवला. करंडा आता रिकामाच होता. रोज दुपारी सगळी निजानीज झाली की काढायची. कच्ची माती ती, भाजलेली नाही. दर सुट्टीत मी घरी गेलो की हात जोडायचो. "आई, दोन तास दे. त्याचा साचा घेतो, तुला शंभर काढून देतो. निदान भाजून तरी आणतो."

"एकदा दिला होता तुझ्या हातात," ती म्हणायची. रागाने नव्हे. पण करंडा पाठीमागे घ्यायची.

तीन वर्षं गेली. एका मे महिन्यात मी गेलो, तर तिने स्वतःच करंडा माझ्यापुढे सरकवला. "घे. आता दिला."

मी उघडलं. शाडूचा एक चपटा, गोल, चकचकीत तुकडा होता. मी बोट ठेवलं. ते घसरलं.

"आई..."

"रडू नको. दिवाळीपासूनच लागत नव्हतं काही, मी उगाच धरून होते. तू एका दुपारी पुसलंस, मला तीन वर्षं लागली, एवढाच फरक." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या शाळेतला तो म्हातारा आण एकदा. हाताला लागतो म्हणतोस तो."

पुढच्या खेपेला मी रोमच्या आजोबांची नक्कल गोणपाटात गुंडाळून यष्टीने घेऊन गेलो. मीच काढलेली, बुडबुडेसुद्धा न बुजवलेली. आईने पाय पसरून तो मांडीवर घेतला. टक्कल बघितलं, कपाळाच्या आठ्या एकेक करून बघितल्या, बसलेल्या गालफडांत अंगठे ठेवले, मानेच्या घड्यांतून बोट फिरवलं. चामखीळ सापडली तेव्हा थांबली, आणि चिमटीत धरून बसली. चुलतीने दोनदा जेवायला बोलावलं.

"नाव काय ह्याचं?"

"कुणालाच माहीत नाही आई. नाव राहिलं नाही."

"हं." तिने पुन्हा एकदा त्या चामखिळीवरून बोट फिरवलं, मग म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मुलगा मात्र बरा मिळाला ह्याला."